बोरखेडीचं एकमत

१८ नोव्हेंबर १९६८, मेहकर

मिळाला! लघुप्रबंधाचा पेपर मिळाला! विद्यापीठानं हो म्हटलं!

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला एका पेपराच्या ऐवजी पोरांनी आपापला विषय शोधायचा, माहिती गोळा करायची आणि छोटा प्रबंध लिहायचा. आणि हे सगळं शिकवायचं कुणी? मी! वय चोवीस, बाबांच्या, म्हणजे संग्रामपूरच्या किसनरावांच्या, वांग्या-मिरच्यांच्या मळ्यातून नागपूरमार्गे इथं आलेली. प्राचार्य हिंमतराव सरांनी बोलावलं तेव्हा वाटलं, वर्गातल्या हसण्याबद्दल बोलणी खायची आहेत. (माझ्या हसण्याबद्दल. पोरं गंभीरच असतात.)

अट आहे. डिसेंबरच्या शेवटी समिती येणार. तोवर पोरांनी प्रबंध लिहायचा नाही, फक्त आराखडा करायचा — काय शोधणार, कुठं शोधणार, कुणाला विचारणार, कसं विचारणार. आराखडे पसंत पडले तर पेपर चालू. नाही पडले तर पेपर बंद. आणि माझी जागा त्याच पेपरावर उभी आहे, म्हणजे मीही बंद. "मग मार्चनंतर मला काही करता येणार नाही, पुष्पाबाई." सर हे अगदी चेहरा पाडून म्हणाले. मी मात्र "हो सर, हो सर" करत हसतच बाहेर आले आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरले. शिपायानं पाहिलं. पाहू दे!

२० नोव्हेंबर

आठ जणांनी लघुप्रबंध घेतला. सात मुलगे आणि जनका. आज विषय घेऊन या म्हटलं होतं. आणले!

सहदेव — "भारताचा परदेशी व्यापार". सगळा. अगदी वेदकाळापासून. दुसऱ्याचा विषय "शेती आणि उद्योग", तिसऱ्याचा "मनुष्य व पैसा". मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण हसू आवरेना. मग सहदेवला विचारलं, परदेशी व्यापाराची माहिती आणणार कुठून?

"मामा हाये मॅडम मुंबईले."

"काय करतात?"

"गोदीत हमाल हायेत."

परदेशाच्या सर्वांत जवळ आमच्या वर्गातून तोच पोचलेला.

जनका अगदी हळू म्हणाली, "मॅडम, बांगड्यांचं दुकान चालंल का? म्हणजे बाया कोणत्या दुकानातून घेतात आन् काऊन घेतात?" पोरं फिदीफिदी. मी म्हटलं, हसू नका, आजचा सगळ्यांत शहाणा विषय हाच आहे. तेव्हा मागच्या बाकावरचा मोतीराम उठला. तो इथून दोन कोसांवरच्या बोरखेडीचा, चालत येतो. "मॅडम, मंग माहाही तसाच हाये. आमच्या गावचे लोक सामान गावातल्या दुकानातून घेतात का मेहकरच्या बाजारातून?" म्हटलं, तुमच्या दोघांचा मिळून एकच विषय करू. दोघंही लाजली. वर्गात कुणी हसलं नाही, ही मोठीच गोष्ट.

२१ नोव्हेंबर

सहदेव अजून भारतातच आहे. विषय लहान करायला तयार नाही.

२५ नोव्हेंबर

आज नमुना-पाहणी शिकवली. गावातल्या प्रत्येकाला विचारायची गरज नसते, थोडे नीट निवडले तरी पुरतात. उदाहरण आयतंच होतं — शितावरून भाताची परीक्षा. मला फार आनंद झाला, इतकं चपखल उदाहरण पुस्तकात नाही!

तर मोतीराम म्हणतो, "पन मॅडम, भात ढवळेल नसला तं? वरचं शित शिजेल, खालचं जळेल."

मी खडू खाली ठेवला. मग म्हटलं, बरोबर! म्हणून आधी ढवळायचं. कोपऱ्यातल्यांना विचारायचं, मधल्यांना विचारायचं, श्रीमंतांना विचारायचं, गरिबांना विचारायचं. सहदेव पुटपुटला, "आमच्या घरी भात दिवाळीलेच असते, आमी भाकरीवरून सांगतो." सगळा वर्ग खदखदला. तास संपल्यावरही कुणी उठेना! कॉमर्सच्या वर्गात असं कधी झालं असेल का?

२७ नोव्हेंबर

सहदेव महाराष्ट्रात आला!!

१ डिसेंबर

दादा आला होता. आईनं पाठवलेली वांगी आणि ओल्या मिरच्या पिशवीत, आणि दुसरी बातमी तोंडात. जळगाव जामोदचं स्थळ आहे. मुलगा शेतकी खात्यात. घर चांगलं, माणसं चांगली. फक्त सुनेनं नोकरी करायची नाही.

मी म्हटलं, दादा, मला ही नोकरी आवडते रे. नुसती आवडत नाही, मी सकाळी उठते तीच हसत उठते!

"मले समजते पुष्पे. पन घरात सगळ्याईचं एकमत झालं हाये. बाबा, मी, तुही वहिनी, माय. सगळ्याईचं."

एकमत म्हटलं की पुढे बोलायला जागाच उरत नाही. एकाशी भांडता येतं. चौघांशी कशी भांडू? शेवटी एवढं कबूल करून घेतलं, की समिती येऊन जाईस्तोवर उत्तर द्यायचं नाही. जागा राहिली तर मी घरी येऊन सगळ्यांसमोर बोलेन. गेली तर माझ्याकडे बोलायला काही उरणारच नाही. दादाला एस.टी.त बसवून दिलं. जाता जाता तो खिडकीतून म्हणाला, "वांगे आजच कर, नाईतं मऊ होतीन." वांगी केली. दोन घास जास्तच जेवले, रागानं.

३ डिसेंबर

सहदेव मेहकरच्या बसस्टँडवर उतरला! विषय पक्का : स्टँडवरची चहाची हॉटेलं आणि त्यांची गिऱ्हाइकं. मी वर्गात टाळ्या वाजवल्या. वेदकाळापासून चहापर्यंत दोन आठवड्यांत — आगबोटसुद्धा इतक्या लवकर येत नाही.

७ डिसेंबर

मोतीराम-जनकाची प्रश्नावली तयार झाली. नऊ प्रश्न. घरात माणसं किती, मीठ-तेल कुठून घेता, कापड कुठून, बांगड्या कुठून, दुकानाबद्दल काही तक्रार आहे का — असे. खऱ्या पाहणीआधी चाचणी हवी म्हणून तीस प्रती काढल्या. सायक्लोस्टाइलच्या शाईनं माझ्या नाकाचा शेंडा काळा झालेला, आणि मी तशीच प्राचार्यांशी अर्धा तास गंभीर चर्चा केली. त्यांनी सांगितलं नाही! सज्जन माणूस.

उद्या मोतीराम आणि सहदेव प्रती घेऊन बोरखेडीला जाणार. जनकाच्या घरून परवानगी नाही. माझी घरमालकीण पाय मुरगळून बसली आहे, तिला टाकून मलाही जाता येत नाही.

९ डिसेंबर

पोरं नाचत आली. "मॅडम, शंभर टक्के!"

"काय शंभर टक्के?"

"निष्कर्ष!"

तीस कागद टेबलावर मांडले. मीठ-तेल : गावातून. कापड : गावातून. बांगड्या : गावातून. तक्रार : नाही. तीसच्या तीस! मला आधी कौतुकच वाटलं. मग पहिला प्रश्न पाहिला. घरात माणसं किती? पाच. पाच. पाच. पाच.

तीस घरं, आणि प्रत्येक घरात पाच माणसं!

मी मोतीरामला विचारलं, तुझ्या घरात किती रे? "अकरा." आणि कागदावर? त्यानं स्वतःच्या घराचा कागद शोधला, पाहिला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला पोटाला हात लावून खुर्चीवर बसावं लागलं. त्यानं प्रती वाटल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी गोळा केल्या होत्या. मधल्या रात्री तो सहदेवबरोबर मेहकरातच होता, त्यामुळे गावानं काय केलं ते त्याला ठाऊकच नव्हतं. गावाचे सरपंच रंगराव म्हणजे त्याचे काका. उद्या जाऊन भेटणार. हसू येतंय, पण समितीला वीस दिवस उरलेत.

१० डिसेंबर

काय माणूस आहे! काय माणूस आहे हा रंगराव! आधी सगळं लिहून टाकते, नाहीतर विसरेन.

पांढराशुभ्र फेटा, ओसरीवर सतरंजी, आल्याबरोबर चहा. मी हळूच विषय काढला, की सगळ्यांची उत्तरं सारखी कशी आली हो? तर त्यांची छाती फुगली.

"येनारच ना मॅडम! म्या दवंडी देली. सारे लोक पारावर जमवले. म्हटलं, कालेजवाले आपल्या गावाची परीक्षा घेऊन राह्यले, गावाचं नाव खराब नोको व्हाले. मंग एकेक प्रश्न वाचला. चर्चा केली. ठराव मांडला. अनुमोदन घेतलं. आमच्या ग्रामपंचायतीची निवडनूक बी बिनविरोधच झाली, तुमाले मालूम असंन. कलेक्टर सायबानं हार घातला."

प्रश्नावली बिनविरोध! मी चहाची बशी खाली ठेवली आणि पुढचं विचारलं.

"आन् घरातली माणसं? सगळीकडे पाच?"

"त्याच्यावर लय वाद झाला. कोनाच्या घरी तीन, कोनाच्या घरी पंधरा. मंग कोनाले वाटते आपलं जास्त, कोनाले वाटते कमी. म्हटलं, वाद नोको, पाच धरा."

"आणि कुणीच वेगळं बोललं नाही?"

"नारायनराव बोलला. तो म्हने, म्या मीठ मेहकरहून आनतो. म्हटलं, नारायनराव, मिठासाठी गावात दुही पाडतो का? समजावलं त्याले. समजला."

मी त्यांना नमस्कार करून बाहेर आले आणि गोठ्याच्या आड जाऊन हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मोतीराम बिचारा शेजारी उभा, "मॅडम, आराखडा गेला का?" मी म्हटलं, गेला नाही रे, आपल्याला गाव कळलं. धीर देण्यासाठी म्हटलं. पण परत येताना वाटेत जाणवलं, हे खरंच आहे. रंगराव लबाड नाहीत. त्यांना गाव एक ठेवायचंय. त्यांच्या गावात माणूस एकटा बोलतच नाही, मग आम्ही विचारणार कुणाला?

११ डिसेंबर

काही सुचत नाही. हसूही गेलं. संध्याकाळी घरमालकिणीच्या पायाला हळद लावताना चुकून दुसऱ्याच पायाला लावली.

१२ डिसेंबर

सुचलं! मला नाही, जनकाला.

वर्गात मी विचारलं, पारावरच्या बैठकीला कोण कोण होतं? मोतीराम म्हणाला, "सारं गाव." जनका खाली मान घालून म्हणाली, "बाया होत्या का पारावर?"

मग मोतीराम, अगदी बारीक आवाजात — "नाई."

निम्मं गाव बैठकीलाच नव्हतं! आणि मीठ-तेल-बांगड्या बघतं कोण? भात ढवळलाच नव्हता आम्ही. पण बायांना विचारायचं कुठं? घरी सासू असते, विहिरीवर सगळ्या असतात, चार जणी जमल्या की पुन्हा एकच उत्तर. जनकाला तेही ठाऊक. सध्या कापसाची वेचणी चालू आहे. वेचणीत प्रत्येकीची आपली पात असते, म्हणजे कपाशीच्या आपल्या वाट्याच्या ओळी. तिथं बाई तासन् तास एकटी चालते. आपण तिच्या बाजूनं वेचत चालायचं आणि विचारायचं. मी जनकाला मिठीच मारणार होते, पण सात पोरं बघत होती.

तिच्या वडिलांकडे मी स्वतः गेले. म्हटलं, मी बरोबर आहे. ते म्हणाले, "तुमी संग हाये तं जाऊ द्या." मी संग आहे! मला एकदम पोक्त झाल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत टिकलं.

१५ डिसेंबर

हात बोंडांनी ओरबाडलेत, पाठ वाकत नाही, कानात कापूस. अक्षरशः, उजव्या कानात कापूस आहे. आणि मी इतकी खूश आहे की लिहिता येत नाही!

वावर बोरखेडीच्या पलीकडचं. मोतीराम बांधावर पाण्याची घागर घेऊन, त्याला आत यायला मनाई. जनका एका टोकाला, मी दुसऱ्या. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली. मी वांग्याच्या घरची, कापसाच्या नाही, हे बायांना पहिल्या दोन बोंडांतच कळलं. "मॅडम, पानं नोका वेचू, कापूस वेचा!"

आधी सांगितलं, नाव लिहिणार नाही, कुणाला सांगणार नाही. तानुबाईच्या बाजूनं चालले. विचारलं, साबण कुठून घेता?

"साबन लोनारहून. माहेर हाये ना माहं तथं. सनावाराले जातो तवा आनतो."

"घरी माहीत आहे?"

"त्याईले काय मालूम! ते समजतेत सारं गावातल्या दुकानातूनच येते. त्याईचा साडू हाये ना दुकानदार, मंग नाई कोन म्हनंन?"

अच्छा! रंगरावांच्या ठरावात हे नव्हतं. पुढच्या पातेत भिमाबाई. वय साठ तरी असेल, हात माझ्या तिप्पट वेगानं. ती म्हणाली, मी सगळं गावातूनच घेते, मेहकरचा बनिया तोंड पाहून भाव सांगतो. मला आवडलं, कारण निदान एकीचं तरी उत्तर पारासारखं आलं, आणि ते तिचं स्वतःचं होतं! तिसरी म्हणाली, बांगड्या फक्त जत्रेतून. चौथीला मी विचारलं, तुम्हाला कोणतं दुकान आवडतं, तर ती थांबली. "मले?" हाव, तुम्हालाच. मग हसून म्हणाली, "थांबा, सोचून सांगतो." ओळीच्या शेवटी पोचल्यावर सांगितलं, तेही कानात. मेहकरच्या बाजारातलं कापडाचं दुकान, कारण तिथं बसायला मिळतं! कुणी घाई करत नाही. पुढच्या खेपेला 'बसायला मिळतं का' हाही प्रश्न घ्यायला हवा. अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात आहे हो हे?

मग त्यांनी माझीच पाहणी सुरू केली. "तुमचे मालक काय करतेत?"

"नाहीत."

"अव माय! काऊन?"

"अजून कुणी ठराव मांडला नाही."

सगळं वावर हसलं. खोटं बोलले मी. ठराव मांडून झालाय. अनुमोदनही आलंय.

१९ डिसेंबर

मोतीरामनं आराखड्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : "पुरुषांना शेतात, वाटेवर किंवा बैलगाडीवर एकेकट्यानं विचारण्यात येईल. पारावर कोणासही काही विचारण्यात येणार नाही." सोन्याचं वाक्य! फ्रेम करून लावावं.

रंगरावांच्या कानावर वावरातली गोष्ट गेलीच. आज स्वतः कॉलेजात आले. मी घाबरले. तर विचारतात काय, "मंग आमचा ठराव वाया गेला का मॅडम?" म्हटलं, मुळीच नाही, पहिली चाचणी म्हणून तो आराखड्यात जाणार, विद्यापीठापर्यंत जाणार. "बायांनी काय सांगतलं?" म्हटलं, ते सांगणार नाही असं वचन दिलंय. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हं. वचन देलं तं पाळाच लागते." आणि निघून गेले. गेटपाशी थांबून परत फिरले, "नारायनरावाचं मीठ तेवढं आता लेहून टाका, लय दिवस झाले तोंड फुगवून बसला हाये!"

२४ डिसेंबर

रोज दोन तास जास्त. आठही पोरं थांबतात. मी समितीवाली होते, खुर्चीवर पाय जोडून बसते आणि वाकडे प्रश्न विचारते. सहदेव म्हणतो, खरी समिती तुमच्यापेक्षा बरी असंल.

२८ डिसेंबर

झालं. झालं, झालं, झालं!

समितीत तिघे. दोघे गप्प. तिसरे प्राध्यापक काळ्या चष्म्याचे, बोलताना पेन्सिल टेबलावर आपटणारे. सहदेव पहिला गेला. हॉटेलं किती? "सात सर. सगळ्यांचा चहा पिऊन पाहिला." "मग झोप येते का?" "नाही सर, आराखडा लिहितो." पेन्सिल थांबली. पसंत!

मग मोतीराम आणि जनका. चष्म्यांनी दोन्ही गठ्ठे पाहिले. पारावरचा आणि वावरातला. पारावरचा उचलला आणि म्हणाले, "हे उत्तम आहे. स्वच्छ निष्कर्ष. दुसऱ्या गठ्ठ्यात नुसता गोंधळ आहे. हा काढून टाका आणि पहिल्यावर प्रबंध करा."

मला बोलायची परवानगी नव्हती. भिंतीशी उभी होते, पदराचं टोक दातात. मोतीराम "सर... सर..." करतोय आणि पुढे काही येत नाही. मला वाटलं, संपलं. पेपर संपला, जागा संपली, आता जळगाव जामोद.

आणि जनका उठली. वर्गात विषय सांगताना मान वर न करणारी जनका!

"सर, हे तीस कागद नाहीत. हा एकच कागद तीस वेळा लिहिलाय."

चष्मे म्हणाले, म्हणजे? तिनं सगळं सांगितलं. दवंडी, ठराव, अनुमोदन, पाच माणसं. मिठाचंसुद्धा. शेवटी म्हणाली, "गोंधळ आहे सर. पण प्रत्येक कागदावर एकच बाई बोलली आहे."

गप्प बसलेल्या दोघांपैकी एकजण आधी हसला. खो खो! मग दुसरा. मग पेन्सिल खाली पडली. सातांपैकी पाच आराखडे पसंत, दोन दुरुस्त करून जानेवारीत पाठवायचे. पेपर चालू! हिंमतराव सरांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीचं नेमणूकपत्र सोमवारी घेऊन जा." त्यांचेही डोळे ओले होते. मी पेढा खाऊन जिन्यावरून धावत उतरले. शिपाई म्हणाला, "मॅडम, सांभाळून!" जनकाला मिठी मारली. बघत होते सगळे. बघू दे!

२ जानेवारी १९६९, संग्रामपूर

खामगावला गाडी बदलून दुपारी घरी पोचले. नेमणूकपत्र पिशवीत अगदी वर. वाटेत भाषण पाठ केलं होतं.

जेवणं झाली आणि सगळे ओसरीवर बसले. मी पत्र दाखवलं. बाबांनी ते दोन्ही हातांत धरून पाहिलं, दादानं मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांना आनंद झाला, खोटं नाही. मग बाबा म्हणाले, "चांगलं झालं पोरी. पन पोराकडचे लोक थांबून हायेत. आन् घरात तं सगळ्याईचं एकमतच हाये."

भाषण विसरले. हे बोलताना बाबा दादाकडे पाहत होते. दादा वहिनीकडे. वहिनी आईकडे. आई चुलीकडे.

मला रंगराव आठवले आणि ओसरीवर, भर गंभीर बोलण्यात, हसू फुटलं. सगळे दचकले.

३ जानेवारी

एकेकट्याला विचारलं!

दादाला मळ्यातल्या पाण्याच्या इंजिनपाशी. "मी कायले नाई म्हनू तुह्या नोकरीले? बाबाईच्या मनात हाये वाटलं, म्हून हाव म्हटलं." वहिनीला विहिरीवर. "तुमच्या दादाईनं हाव म्हटल्यावर मी काय नाई म्हनू?" बाबांना वांग्याच्या ओळीत. ते वांगी तोडता तोडता म्हणाले, "मले तं तुही नोकरी आवडते. लोकाईले सांगतो मी, पोरगी कालेजात शिकवते. पन तुह्या मायले घोर लागते. तिच्यासाठी म्हटलं."

तिघांनी एकमेकांसाठी हो म्हटलंय! म्हणजे ही सगळी आईची इच्छा. तिच्याशी कसं भांडू?

आणि तिला विचारायचं तर ती एकटी सापडतच नाही. सकाळी चुलीपाशी वहिनी, दुपारी मिरच्या निवडायला शेजारच्या बाया, संध्याकाळी देवासमोर दादाची पोरं. ही बाई एकटी कधीच नसते, हे चोवीस वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. उद्या सकाळची गाडी आहे.

४ जानेवारी, एस.टी.त

अक्षर हलतंय. पहाटे गाईखाली बसली होती तेव्हा गाठलं तिला. म्हटलं, आई, लोकांचं सोड, तुला काय पाहिजे? धार काढायची थांबली. म्हणाली, "मले आजवर कोनी इचारलंच नाई." मग गाईच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता — "मले तुह्यासंग येऊन राहाचं हाये."

ओसरीवर येऊन तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, जूनपर्यंत स्थळाचं नाव काढायचं नाही. बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. मग आत जाऊन त्यांनीच तिची वळकटी बांधली.

खामगाव आलं नाही अजून. खिडकीजवळची जागा आईनं मागून घेतली.